लाल भात, खारं पाणी आणि जीवॉस: जनुक ‘सापडलं’ म्हणजे नेमकं काय सापडलं?

खाजणकर

पारंपरिक बियाण्यांच्या धाग्यावर एक विधान येऊन गेलं आणि त्याला भराभर +१ पण पडले. विधान असं: ‘खारेपाटातला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला) राता हा भात लाल असतो, कारण लाल रंगाचं जनुकच खार सोसतं. आता जीनोमच्या अभ्यासातही हेच दिसतंय.’ तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

राता लाल असतो आणि तो खारात तग धरतो, याबद्दल वादच नाही. पेण-अलिबागकडच्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा. माझं भांडण आहे ते मधल्या ‘कारण’ या शब्दाशी.

जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी, बोलताना जीवॉस, तशी सरळ गोष्ट आहे. शेकडो वाण जमवायचे. प्रत्येकाच्या जीनोममधली, म्हणजे संपूर्ण डीएनएमधली, अशी लाखो ठिकाणं वाचायची, जिथे काही वाणांत डीएनएचं एक अक्षर असतं आणि काहींत दुसरं. मग प्रत्येक वाण खाऱ्या पाण्यात वाढवून त्याला गुण द्यायचे आणि एकेका ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: हे अक्षर असलेले वाण ते नसलेल्यांपेक्षा जास्त तगले का? आधी कुठलं जनुक संशयित आहे हे सांगावं लागत नाही. पद्धतीचं बळ यातच आहे आणि गोची पण यातच.

आता कल्पित आकडे घेऊन बघू. समजा २०० वाण आहेत, १०० खारेपाटातले आणि १०० वरकस (डोंगरउताराच्या, बिनखाऱ्या) जमिनीतले. खारेपाटातल्या १०० पैकी ८० लाल, वरकसातल्या १०० पैकी २० लाल. खार सोसणारे वाण खारेपाटात ७० टक्के, वरकसात १० टक्के. आणि मुद्दाम असं धरू की रंगाचा खार सोसण्याशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे खारेपाटात लाल असो की पांढरा, ७० टक्केच तगणार. वरकसात दोन्ही १० टक्के.

सगळे वाण एकत्र करून मोजा. लाल १०० वाणांपैकी तगले ५६ अधिक २, म्हणजे ५८. पांढऱ्या १०० पैकी १४ अधिक ८, म्हणजे २२. अठ्ठावन्न विरुद्ध बावीस! काय-स्क्वेअर (फरक किती ठळक याचं माप) येतो २७ आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, साधारण ५० लाखांत एक. पेपर लिहायला बसावं असा आकडा, आणि त्यात रंगाचा वाटा शून्य. वाण कुठून आला ही एकच गोष्ट रंगही ठरवत होती आणि खार सोसणंही. कन्फाउंडिंग ते हेच. जीवॉसमध्ये याच्या या अवताराला पॉप्युलेशन स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात.

प्रत्यक्षातली जनुकं बघितली तरी हे पटेल. तांदळाच्या लाल रंगाचं आरसी नावाचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. बहुतेक पांढऱ्या तांदळात त्यातला १४ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. हे २००६ साली उलगडलं. खार सोसण्याशी ज्याचं नातं पक्कं झालंय तो भाग, केरळच्या पोक्कळी वाणातून आलेला साल्टॉल, पहिल्या गुणसूत्रावर आहे. बंगालच्या नोना बोकरा वाणातून २००५ साली जे जनुक हाती लागलं तेही पहिल्याच गुणसूत्रावर. मुळांकडून वर चढणाऱ्या रसातला सोडियम ते काढून घेतं, म्हणून पानं वाचतात. रंगाशी याचा काय संबंध?

---

बांगडा फ्राय

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी निवांत वाचेन.

---

शंकासूर

लेख आवडला, पण शंका काढणं हा माझा धर्म. २०० वाण हा किरकोळ नमुना झाला. जीवॉसमध्ये म्हणे पी-व्हॅल्यूची रेषा फार कडक असते. नमुना वाढवला आणि कडक रेषा लावली की असली खोटी जनुकं आपोआप गळणार नाहीत का?

---

खाजणकर

@शंकासूर, रेषा कडक आहे हे बरोबर. माणसाच्या जीनोममध्ये ढोबळमानाने दहा लाख स्वतंत्र चाचण्या होतात असं धरून ०.०५ ला दहा लाखांनी भागतात. म्हणजे दोन कोटींत एक. भातात शेजारशेजारची अक्षरं लांबवर जोडीने टिकतात, त्यामुळे स्वतंत्र चाचण्या कमी आणि रेषा थोडी सैल.

पण ही रेषा निव्वळ योगायोगाचा बंदोबस्त करते. कन्फाउंडिंग हा योगायोग नाही. वरच्याच उदाहरणात तेच प्रमाण ठेवून ४०० वाण घ्या. काय-स्क्वेअर ५४ होतो आणि पी-व्हॅल्यूत दशांशचिन्हानंतर बारा शून्यं येतात. म्हणजे रेषा आरामात पार! नमुना वाढला की खोट्याची खात्री वाढते. माझ्या मते या विषयातली सर्वांत कमी लोकांना उमगलेली गोष्ट हीच आहे.

---

रायवळ

शेतकी शिकलेला माणूस आहे म्हणून दोन शब्द.

एक, खार सोसणं म्हणजे नेमकं काय मोजलं हे आधी विचारा. रोपावस्थेत भात खाराला फार नाजूक असतं, नंतर मध्ये बऱ्यापैकी सोसतं आणि फुलोऱ्यात परत नाजूक होतं. प्रयोगशाळेत ट्रेमध्ये रोपं वाढवून १ ते ९ गुण देतात, ते रोपावस्थेचे. शेतात एकरी उतारा मोजतात, ती वेगळीच गोष्ट. मातीची विद्युतवाहकता मीटरमागे ३ डेसिसीमेन्सच्या वर गेली की साध्या वाणाचा उतारा घसरायला लागतो.

दोन, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने खार धुऊन जातो. परतीचा पाऊस सरला की तो खालून वर चढायला लागतो. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) वाणाचा दाणा तोवर भरून होतो, गरवा (उशिरा पिकणारा) मात्र नेमका पोटरी-फुलोऱ्यात सापडतो. हळवा वाण खार सोसत नाही, तो खार चुकवतो. शेतातल्या उताऱ्यावर जीवॉस केला तर वर येईल ते फुलोऱ्याची वेळ ठरवणारं जनुक, उदाहरणार्थ सहाव्या गुणसूत्रावरचं एचडी१. आणि बातमी छापून येईल ‘खारप्रतिकारक जनुक सापडलं’.

आणि राता म्हणजे एकच वाण नव्हे. भुरा राता वेगळा, काळा राता वेगळा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१ काढला तो आयआर-८ हा सुधारित वाण आणि भुऱ्या रात्यातल्या निवडीच्या संकरातून. तिथे लाल रंग जपायला कोणी गेलं नव्हतं, खार सोसणं हवं होतं.

---

खाजणकर

@रायवळ, फुलोऱ्याचा मुद्दा भारी. फक्त एक फरक नोंदवतो. ते कन्फाउंडिंग नाही. तिथे जनुकाचा उताऱ्यावर खरोखरच परिणाम आहे, वाट तेवढी वेगळी: जनुकामुळे फुलोरा लवकर, म्हणून खार टळला, म्हणून उतारा. शेतकऱ्याला तेही उपयोगाचं. पण ‘खारप्रतिकारक’ म्हणून ते जनुक गरव्या वाणात घालायला गेलात तर तो वाणच हळवा होईल.

---

डॉ. आमसूल

माणसांकडे वळू का? मधुमेहाचे रुग्ण रोज बघते, म्हणून हा विषय जवळचा.

पाठ्यपुस्तकात शोभेल असं एक खरं उदाहरण आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेह फार. १९८८ साली त्या वस्तीतल्या ४,९२० लोकांच्या अभ्यासात दिसलं की जीएम नावाच्या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्यात आहे त्यांच्यात मधुमेह ८ टक्के, आणि नाही त्यांच्यात २९ टक्के. वाटावं, मधुमेहापासून वाचवणारं जनुक मिळालं! पण तो प्रकार युरोपीय पूर्वजांकडून आलेला होता. ज्याच्यात तो आहे त्याच्यात युरोपीय वाटा जास्त, एवढीच ती खूण. वंशाचा वाटा किती यानुसार लोकांचे गट पाडल्यावर फरक उरला नाही. खाजणकरांच्या ५८ विरुद्ध २२ चंच हे भावंड.

आता आपल्याकडे बघा. कोणी उद्या मधुमेहाचे रुग्ण रत्नागिरी-सिंधुदुर्गातून घेतले आणि निरोगी लोक मुंबईच्या रक्तदान शिबिरातून, तर दोन्हीकडची जातींची सरमिसळ वेगळी असणार. मग मासळी खाणं, भात खाणं, श्रीमंती, सगळ्याचीच ‘जनुकं’ सापडतील.

---

कोकणचा राजा

म्हणजे शेवटी जातीजातींत जनुकीय फरक असतोच, हे विज्ञानाने मान्य केलं तर. आम्ही बोललो की मात्र लोकांना झोंबतं.

---

जुना जाणता

झालं, आता धाग्याचा काश्मीर होणार. पॉपकॉर्न आणतो.

---

डॉ. आमसूल

@कोकणचा राजा, झोंबायचं काही कारण नाही, पण अर्थ नीट लावा. शतकानुशतकं लग्नं आपापल्यातच झाली म्हणून काही अक्षरांचं प्रमाण एका जातीत ३० टक्के आणि शेजारच्या जातीत ३४ टक्के, अशा जातीचे हे फरक. एकाच जातीतल्या दोन माणसांमधला फरक यापेक्षा कितीतरी मोठा असतो. पण हजारो नमुने घेतले की एवढासा फरकसुद्धा पी-व्हॅल्यूत ठणठणीत दिसतो. त्यातून कोण वरचढ हे निघत नाही, अभ्यास कसा फसू शकतो तेवढं निघतं.

आणि ‘जात’ कुठल्या पातळीवर मोजायची? इरावती कर्वे आणि मल्होत्रा यांनी १९६८ साली महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण जातींची शरीरमापं आणि रक्तगट तपासून त्यांची तुलना छापली होती. ‘ब्राह्मण’ असा एकच रकाना जीवविज्ञानाच्या दृष्टीने पुरत नाही, प्रत्यक्ष बेटीव्यवहाराचा गट बघावा लागतो, हा बाईंचा आग्रह. जीनोम वाचायचं तंत्र येण्याच्या किती आधी! फॉर्मवरचा जातीचा रकाना भरून घेतला की कन्फाउंडिंग आटोपलं, असं समजणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

२०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त गटांचा अभ्यास आला. त्यातले ८१ गट असे निघाले की त्यांची सुरुवात मोजक्या पूर्वजांपासून झाल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक. त्यांतल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे.

---

वाकडी वाट

@डॉ. आमसूल, या यादीत आपले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पण येतील का? माझं आजोळ अलिबागकडचं. शनिवार तेली म्हणून त्यांची घरं गावात होती. तेलाचा घाणा, शनिवारी बंद. त्यांच्या पूर्वजांचं जहाज नौगावला फुटलं ती कथा आजी सांगायची.

---

डॉ. आमसूल

@वाकडी वाट, त्यांच्यावर २०१६ साली स्वतंत्र अभ्यास झालाय. पश्चिम आशियातल्या ज्यूंकडचा आणि भारतीय, असा दोन्हीकडचा भरीव वाटा त्यांच्या जीनोममध्ये दिसला. जहाज फुटलं की नाही हे जीनोम सांगत नाही.

धाग्याच्या दृष्टीने बघाल तर कल्पना करा: रायगडमधल्या एखाद्या अभ्यासात रुग्णांमध्ये या समाजाचे वीस जण आले आणि निरोगी गटात एकही नाही. पश्चिम आशियाकडून आलेलं प्रत्येक अक्षर ‘रोगाचं’ म्हणून वर येईल.

---

लॅबकर

सगळं खापर जातींवर आणि वाणांवर फोडू नका, प्रयोगशाळाही कमी नाही. २०१० साली ‘सायन्स’मध्ये शंभरी गाठलेल्या लोकांच्या जनुकांवर गाजलेला पेपर आला. वयोवृद्धांचे नमुने आणि तुलनेचे नमुने वाचायला वापरलेल्या चिपा (डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या पट्ट्या) सारख्या नव्हत्या, आणि त्यातली एक चिप काही अक्षरं चुकीची वाचत होती. दीर्घायुष्याची म्हणून मिळालेली काही अक्षरं प्रत्यक्षात चिपेची होती. २०११ मध्ये लेखकांनी पेपर मागे घेतला.

रुग्णांचे नमुने एका प्लेटवर आणि निरोगींचे दुसऱ्या, ही सवय मी अजून बघतो. सगळे नमुने मिसळून प्लेटवर लावा म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

---

शंकासूर

बरं, रोग कळला. औषध काय? खारेपाट वेगळा मोजा, वरकस वेगळा मोजा, संपलं. एवढ्यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअर कशाला?

---

खाजणकर

@शंकासूर, गट आधीच ठाऊक असतील आणि मोजकेच असतील तर तेवढ्याने भागतं. २०१० साली चीनमधल्या ५१७ देशी भातवाणांवर मोठं काम झालं, त्यात १४ गुणांचा जीवॉस इंडिका उपजातीपुरताच ठेवला होता. इंडिका आणि जॅपोनिका एकत्र केले असते तर दोघांना वेगळं करणारी सगळीच अक्षरं प्रत्येक गुणाला चिकटली असती.

पण गट असे स्वच्छ नसतात. वाण एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जातात. सासरी आलेल्या मुलीच्या बोचक्यातूनही बियाणं फिरतं. म्हणून गट कागदावरून न घेता जीनोममधूनच वाचायचे. यात तीन टप्पे झाले.

१९९९ मध्ये डेव्हलिन आणि रोडर यांनी जिनोमिक कंट्रोल मांडलं. लाखो अक्षरांपैकी बहुतेकांचा खाराशी संबंध नसणार. मग त्यांच्या काय-स्क्वेअरचा मध्यक ०.४५५ च्या आसपास हवा. तो ०.९१ आला तर लॅम्डा (किती पट फुगलं याचं माप) झाला २, म्हणजे सगळेच आकडे फुगलेत. सगळ्यांना २ ने भागा. उपाय सोपा, पण सरसकट. आपलं आरसीसारखं अक्षर, जे दोन गटांत २० विरुद्ध ८० टक्के आहे, त्याला २ ने भागून काय होणार? आणि ज्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, त्याला उगाच शिक्षा.

२००६ मध्ये प्राइस आणि सहकाऱ्यांनी प्रिन्सिपल कंपोनंटची पद्धत रूढ केली. सगळ्या अक्षरांवरून नमुन्यांमधले सर्वांत मोठे फरक कुठल्या अक्षांवर आहेत ते काढायचं आणि प्रत्येक चाचणीत ते अक्ष सोबत घ्यायचे. आपल्या उदाहरणात पहिला अक्ष खारेपाट-वरकस हाच निघेल आणि ५८-२२ चा फरक विरून जाईल. हे अक्ष मोठे प्रवाह पकडतात, जवळची नाती मात्र त्यांच्या हातून निसटतात. तिथे मिश्र मॉडेल कामी येतं: कुठले दोन वाण एकमेकांना किती जवळचे याचा भलामोठा तक्ता करून तो मॉडेलमध्ये घालायचा. हे आधी शेतीवाल्यांनी रुळवलं, २००६ सालीच, मक्यावर. रायवळांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आणखी एक गुंता. आकडे फुगले म्हणजे कन्फाउंडिंगच, असंही नाही. उंचीसारख्या गुणाला हजारो जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. मोठ्या नमुन्यात ती सगळी खरोखरच थोडीथोडी वर येतात आणि मध्यक फुगतो. २०१५ च्या एलडी स्कोअर रिग्रेशनने हे दोन वेगळे करता येतात. ज्या अक्षराला जोडीने चालणारे शेजारी जास्त, त्याचा आकडा खऱ्या जनुकांमुळे जास्त फुगतो. गटांमुळे आलेली सूज शेजारी मोजत बसत नाही, ती सगळीकडे साधारण सारखी.

इतकं करूनही हात भाजतात. युरोपात उत्तरेकडचे लोक उंच, त्याचं कारण नैसर्गिक निवड, असा निष्कर्ष अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून काढला होता. २०१९ मध्ये दोन गटांनी तेच गणित यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या संग्रहाच्या एकजिनसी नमुन्यावर परत केलं, तर तो संकेत जवळजवळ मावळला. प्रत्येक अक्षरात उरलेली नखाएवढी चूक हजारो अक्षरांवर बेरीज होऊन डोंगर झाली होती.

---

रायवळ

कॉलर ताठ केली. पण मिश्र मॉडेलचा जाच पण सांगा की. समजा खार सोसणारं खरं अक्षर खारेपाटातल्या जवळपास सगळ्याच वाणांत आहे आणि वरकसात कुठेच नाही. खाडीकाठी शेकडो वर्षं निवड झाल्यावर असंच होणार ना? मग तुमची दुरुस्ती त्यालाही ‘गटाचा फरक’ म्हणून पुसून टाकते. निकाल येतो कोरा, आणि विद्यार्थी रडकुंडीला.

---

खाजणकर

@रायवळ, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. तिथे संख्याशास्त्र हात टेकतं. अक्षर आणि गट शंभर टक्के एकत्र चालत असतील तर त्यांना वेगळं करणारी माहितीच त्या आकड्यांत नसते. दुरुस्ती न करता ते अक्षर वर येईल, पण सोबत आरसीसारखी हजार बिनकामाची अक्षरंही. दुरुस्ती करून सगळीच जातील. कुठलंही सॉफ्टवेअर यातून सोडवत नाही, आणि सोडवतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

मग ती जोडी प्रत्यक्षात मोडावी लागते. राता आणि पांढरा वरकस वाण यांचा संकर करा, पुढच्या पिढ्या घ्या. गुणसूत्रांचे तुकडे प्रत्येक पिढीत नव्याने वाटले जातात, त्यामुळे लाल पण खार न सोसणारी आणि पांढरी पण सोसणारी झाडं निघतात. एकाच संकराच्या लेकरांत ‘खारेपाट’ नावाचा गटच उरत नाही. रंगाने खरंच काही होत असेल तर इथे दिसेल.

माणसांत संकर करता येत नाही, पण कुटुंब हा आयता प्रयोग आहे. आईबापांकडून कुठलं अक्षर मुलाकडे गेलं ही सोडतच असते. १९९३ ची स्पीलमन यांची ट्रान्समिशन चाचणी याच सोडतीवर उभी आहे. २०२२ मध्ये पावणेदोन लाखांहून जास्त भावंडांवर असा अभ्यास झाला. त्यात शिक्षणाच्या वर्षांवर दिसणारा जनुकांचा परिणाम नेहमीच्या जीवॉसच्या जवळपास निम्म्यावर आला. उंचीचा साधारण दहा टक्केच घटला. घर, पैसा, आईबापांचं शिक्षण यांतून किती सावली पडत होती त्याचा अंदाज यावरून येतो.

---

मी मालवणी

माका काय त्या मॉडेलातला सगळा समाजला नाय, पण लाल तांदूळ खारात येता तो लाल असा म्हणान नाय, खारातलो असा म्हणान, एवढा कळला. बरोबर मां?

---

खाजणकर

@मी मालवणी, बरोबर. आकड्यांवरून तेवढंच म्हणता येतं. लाल रंगाचा उपयोग शून्यच, असंही ठामपणे म्हणायला संकराचीच आकडेवारी लागेल.

---

भातगाव

प्रतिसाद उशिरा वाचले. धाकट्या भावाला एमएस्सीला असलंच काम मिळालंय: ६० देशी वाण, त्यातले निम्मे एकाच तालुक्यातले, आणि गाईड म्हणतात जीवॉस कर. काय करावं?

---

रायवळ

६० वाणांत जीवॉस करू नये. फार मोठ्या परिणामाचं जनुक सोडलं तर हाती काही लागत नाही, आणि लागलं तर ते तालुक्याचंच असेल. त्यापेक्षा ६० वाणांची रोपावस्थेतली आणि फुलोऱ्यातली खारचाचणी नीट करा. दोन्ही वेगवेगळ्या करा आणि फुलोऱ्याची तारीख प्रत्येक वाणाची लिहून ठेवा. साल्टॉलचे मार्कर (तो भाग ओळखायच्या डीएनए-खुणा) लावून बघा: खार सोसणारे पण साल्टॉल नसलेले वाण निघाले तर ते सोनं. त्यातला एक घेऊन संकर सुरू करायचा, पीएचडीवाला पुढे नेईल.

---

खाजणकर

+१. आणि तरी गाईड अडूनच बसले तर जीवॉसची टासेल किंवा गॅपिट ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत. आधी नुसते पहिले दोन अक्ष काढून आलेख करायला सांगा आणि प्रत्येक ठिपक्याला तालुक्याचा रंग द्या. एका तालुक्याचे ठिपके एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसले की तो कागद गाईडच्या टेबलावर ठेवायचा. दाणा लाल की पांढरा तेही त्याच आलेखावर दाखवा.